सव्वादोनचा हात

१२ जानेवारी १९७९

मालन शाळेत जाणार म्हणते. आमच्या गल्लीतल्या समाजमंदिरात मोठ्या माणसांचा वर्ग निघालाय, लताबाई म्हणून कुणी मास्तरीण आहेत. मी "जा की" म्हणून मोकळा झालो. मग देवघरातली पुस्तकं आठवली.

घरात कुमारी नीलाक्षी यांच्या अकरा कादंबऱ्या आहेत. कुमारी नीलाक्षींना मिशा आहेत आणि देवळाली कॅम्पात त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. पुण्याचे प्रकाशक छापतात. स्टॉलवर आरतीसंग्रहाच्या मागे ठेवून विकतात. मालनला सांगितलंय, पोथ्या लिहितो. तिच्यासमोर बसून लिहितो, ती भाजी निवडत असते. पहिली कादंबरी आली तेव्हा वरच्या चित्रातली बाई कमळ घेऊन उभी होती — मालनला लक्ष्मीच वाटली. हळद-कुंकू वाहून तिने ती देवघरात ठेवली. पुढच्या दहाही तिथेच.

बायकोला वाचता येत नाही, या एका खांबावर माझं साहित्य उभं आहे.

१९ जानेवारी

"कमळ" आलं तिला. माझ्या पुस्तकांत कमळं पुष्कळ.

४ फेब्रुवारी

दुकानात गर्दी. बाई हात पुढे करते आणि तोंड मोकळं करते. कासारापुढे लाज कसली, तो माहेरचाच माणूस. माझी सगळी विद्या त्या पाटावरची. आज हवालदाराची सिंधुबाई मैत्रिणीला सांगत होती, "सुट्टीवर आले की दोन दिवस पाहुण्यासारखे वागतात बाई. तिसऱ्या दिवशी हाताला ओळख लागते." मी मान खाली घालून बांगडी सरकवत राहिलो. वाक्य कानात घट्ट धरून ठेवलं. बाराव्या कादंबरीचं पहिलं पान यातून निघेल.

संध्याकाळी लिहायला बसलो तर मालन पाठीशी उभी. ओळीवर बोट ठेवून, "ओ... ठ. ओठ." मग, "पोथीत ओठ कशाला वो?"

"देवाला नसतात काय?"

"असत्यात. पर तुमच्या देवाचे लय येळा येत्यात."

उद्यापासून दुकानाच्या माळ्यावर लिहायचं. तिथे डास आहेत.

२२ मार्च

जोडाक्षरं तिला अजून जमत नाहीत. म्हणून बारावी कादंबरी जोडाक्षरांत लिहायला घेतली. मिठी काढून आश्लेष घातला. थरथर काढून स्पंदन. मऊ काढून स्निग्ध. आपण हुशार आहोत असं वाटत होतं.

पहिलं प्रकरण पुण्याहून परत आलं. वर शेरा — "गिऱ्हाईक एसटीत वाचतं. शब्दकोश घेऊन चढत नाही."

१० एप्रिल

जोडाक्षरं आली.

६ जून

देवघरात दहाच. सातवी जागेवर नाही.

९ जून

सातवी परत आली, आठवी गेली. सातवीत केसातला आकडा खुणेला राहिलाय — नेमक्या डाकबंगल्याच्या पानावर.

ती काही बोलत नाही. भाकऱ्या तशाच, चहात साखर तेवढीच. मीच उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो. "काय शोधताय?" विचारते. चिडली असती तर बरं. नांदगावला माहेरी जाते म्हणाली असती तर मी गाडीत बसवून दिली असती आणि आठवड्याने हात जोडून आणायला गेलो असतो. त्याची रीत माहीत आहे. या गप्प बसण्याची रीत काय?

१ जुलै

बोलली. सुपारी कातरता कातरता.

"समद्या झाल्या वाचून."

मी चष्मा पुसायला घेतला.

"चष्मा ऱ्हाऊ द्या. पोथ्या म्हनून मी हळद-कुंकू वाहिलं, त्यात देवाचं काय व्हायचं ते हुईल. लोकं वाचत्यात, वाचू द्या. मला येकच सांगा — समद्या बाया सव्वादोनच्याच का?"

मला कळेना. मग पुस्तकं काढून बसलो. खरंच! सावकाराची सून, मिशनच्या दवाखान्यातली नर्स, डाकबंगल्यातली विधवा — नावं निराळी, डोळे निराळे. आणि प्रत्येकीच्या हातात सव्वादोन मापाची बांगडी, अंगठ्याच्या सांध्याशी जराशी अडणारी. दुसरा लेखक नायिकेच्या बांगडीचं माप लिहीत बसत नाही. मी कासार, लिहून गेलो.

"बारीक मनगट कागदावर नाजूक दिसतं," मी म्हणालो.

"कोन हाय ती?"

"कुणी नाही गं."

"मी न्हाई, येवढं मला दिसतं." अडकित्ता खाली ठेवून आत गेली.

१८ जुलै

कोण आहे ती? मालनला खोटं सांगितलं नाही मी. मलाच ठाऊक नाही. दुकानात सव्वादोनचा हात आला की वर तोंडाकडे बघतो. एक बाई आज म्हणाली, "दादा, बांगडी हातात घालायची असती." सगळ्या हसल्या.

बारावी तशीच अडून आहे. नायिका दारात उभी, मला तिला आत आणता येईना.

अविधवा नवमी, सप्टेंबर

नवऱ्याआधी गेलेल्या बाईचा दिवस.

माझी पहिली बायको चिमणा. दोन वर्षांचा संसार, मग तापाने गेली. तेव्हा दुकान कुठलं! खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून सिन्नरकडची खेडी दोघं पायी फिरायचो. मालन या घरात आली त्या वर्षापासून आजच्या दिवशी ती सवाष्ण जेवू घालते, आणि देवघरातल्या चिमणाच्या टाकापुढे, तिच्या नावाच्या चांदीच्या पत्र्यापुढे, हिरव्या बांगड्या ठेवते — चिमणाच्या मापाच्या. माप माझ्या आईने तिला सांगून ठेवलेलं. डबा मालनच काढते, मी कधी बघायलाही जात नाही.

आज सवाष्ण जेवून गेली तरी टाकापुढे बांगड्या नाहीत.

"विसरलीस का?"

"न्हाई." तिने समई सारखी केली. "अकरा येळा सव्वादोनच्या भरल्या की तुमी तिला. आता मी आनखी कशाला?"

मी तिथेच भिंतीला टेकून बसलो. आजवर समजत होतो, बायकांच्या तोंडचं ऐकून लिहितो. कान त्यांच्याकडे होते खरे. हात मात्र चिमणाचाच धरून बसलो होतो.

मालन एवढंच म्हणाली, "पत्रावळ उचला. तुमी जेवायचे ऱ्हायलाय अजून."

दोन दिवसांनी

दुपारी मालन दुकानात आली. गल्ल्याकडे आली नाही. बायकांमध्ये गिऱ्हाइकाच्या पाटावर बसली आणि हात पुढे केला. "भरा."

घरी तिच्या बांगड्या तीच भरते. सिंधुबाई म्हणाली, "बघा गं, आज उधारीचं गिऱ्हाईक!"

मी अडीचचा डबा ओढला. हात दाबला, बांगडी चढवली. सांध्याशी अडली. आणखी दाबली. फुटली. बांगडी फुटली म्हणू नये, "वाढली" म्हणावं — कासार असून तेही सुचलं नाही.

मालन माझ्याकडे बघत होती.

"पावनेतीन," ती म्हणाली. "लय वर्सं झाली."