पुढे रीळ तुटलंय

गुरुजी, गेल्या रविवारी मी आपल्या शाळेच्या सिनेमाचा शेवट पाहिला. इथं अमेरिकेत, आमच्या कॅरी गावच्या लायब्ररीत, दुपारी जुने मूकपट दाखवतात आणि कोपऱ्यात एक म्हातारा पियानो वाजवत बसतो. पडद्यावर ते लाकडी कुंपण आलं, कपाळावर पांढरा ठिपका असलेली घोडी आली आणि मी खुर्चीत ताठ झालो. मिशन दवाखान्यानं शाळेला जुनं प्रोजेक्टर दिलं होतं, त्याबरोबर आलेला हा एकच सिनेमा. दर वर्षी संमेलनाला मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर चादर ताणून तुम्ही तोच दाखवायचात. मला तो पाठ आहे, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती.

तुम्ही चादरीशेजारी छडी घेऊन उभे आहात. इंग्रजी पाटी आली की ती वाचून मराठीत गोष्ट सांगता आहात. दोन काउबॉय, म्हणजे तुमच्या भाषेत गुराखी, आणि दोघांचं मन मालकाच्या मुलीवर. एक सदा हसतमुख, दुसरा गंभीर, कमी बोलणारा, तुमच्यासारखा. रात्री मुलीची घोडी कुणीतरी सोडून देतं. अंधारात दोर धरलेला नुसता हात दिसतो. "हात कुणाचा कळलं का रे? या हसऱ्याचा! हसऱ्याचं तोंड बघू नका, हात बघा!" आम्ही पोरं हसऱ्याच्या नावानं ओरडायचो. गंभीर गुराखी घोडी शोधून आणतो, मुलगी त्याच्याकडे कौतुकानं पाहते, आणि तिथं तुम्ही दिवा घालवायचात. "पुढे रीळ तुटलंय. त्या दोघांचं लग्न झालं. चला घरी." एका वर्षी पेटी वाजवायला दवाखान्यातला कंपाउंडर बसला होता. त्याच्यासारखा हसरा माणूस गावात दुसरा नव्हता. त्यानं टोचलेली सुई दुखत नाही, असं बायका म्हणायच्या. पहिल्या रांगेत बालवाडीच्या बाई होत्या. त्याच उन्हाळ्यात कंपाउंडर बदली घेऊन गेला आणि बाई लग्न होऊन तुमच्या घरी आल्या. या गोष्टी मी तेव्हा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

तुमचं ते वाक्य मात्र मी इथवर घेऊन आलो. ऑफिसात कुणी फार हसून बोललं की मी आधी त्याचं काम काय असेल ते शोधतो. आरतीला ज्याचा आवाज सगळ्यांत गोड, त्याच्याशी मी बेतानंच बोलतो. आणि आता माझ्या मुलीला ज्याच्याशी लग्न करायचं आहे, तो नागपूरकडचा मुलगा सतत हसतो. पहिल्यांदा घरी आला तेव्हा न सांगता देवापुढे हात जोडून उभा राहिला. मला वाटलं, कुणीतरी शिकवून पाठवलंय. बायकोची काही हरकत नव्हती. मीच होकार अडवून बसलो होतो, आणि कारण विचारलं तर मला सांगता येत नव्हतं. आमची ओळख वाढावी म्हणून मुलीनंच आम्हा दोघांना त्या सिनेमाला नेलं.

"काका, यातला हिरो कोण?" त्यानं कानाशी येऊन विचारलं.

"तो हसतोय ना, त्याच्यावर लक्ष ठेव. चोर तोच."

"काय सांगता! इतका क्यूट आहे यार तो."

"हात बघ," मी म्हणालो, आणि माझा आवाज थेट तुमच्यासारखा निघाला.

मग पाटी आली. आता मला इंग्रजी वाचता येतं, गुरुजी. घोडी त्या गंभीर माणसानंच सोडली होती, म्हणजे ती शोधून आणायला तो मोकळा. आणि रीळ तुटलं नाही. ते पुढे चालतच राहिलं. मालकाच्या मुलीला सगळं कळलं आणि ती त्या हसऱ्याबरोबर घोडीवर बसून टेकडीपलीकडे गेली. "काका, तुमची विकेट गेली!" मुलगा खो खो हसत होता. माझी मुलगी मात्र हसली नाही. गाडीत बसताना म्हणाली, "बाबा, यू डिसायडेड बिफोर द मूव्ही स्टार्टेड." ती सिनेमाबद्दल बोलत नव्हती.

त्या संध्याकाळी मी बाईंना फोन लावला. तिकडे नुकतं उजाडत होतं. तुम्ही गेल्यावर तुमच्या पाठीमागे हे विचारणं बरं नव्हे, पण मला राहवेना.

"रीळ? तुटलेलं कुठं होतं रे? गुंडाळून डब्यात मीच ठेवायचे."

"मग शेवट तुम्हाला माहीत होता?"

"लग्नानंतर एका दुपारी दारं-खिडक्या लावून त्यांनीच दाखवला. म्हणाले, आता बघ. घामानं सदरा भिजला होता त्यांचा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? चहा टाकते म्हटलं."

"आणि कंपाउंडर?"

"चांगला होता की. वाईट कोण म्हणालं?" बाई हसत होत्या, म्हणून मला त्यांच्या बोलण्याचाही संशय आला. तुमची बाजू राखायला त्यांनी ती दुपार रचली असेल का? की तो घाम खरा होता? तुम्ही शिकवलंत त्याच मापानं आता तुम्हाला मोजतो आहे, आणि ते तुम्हाला पुरत नाही.

काल तो मुलगा जेवायला आला. मी देवापुढे दिवा लावला, क्षणभर उभा राहिलो आणि पानावर बसल्यावर होकार दिला. बायकोनं डोळे पुसले. मुलगा हसला. आणि गुरुजी, तो हसल्याबरोबर माझी नजर त्याच्या हातांकडे गेली. ते हात मुलीच्या पानातल्या मिरच्या वेचून आपल्या पानात ठेवत होते. तरी मी पाहत राहिलो. ताक संपेपर्यंत पाहत राहिलो.

तुम्हाला लिहिलेलं हे सगळं बाईंना फोनवर वाचून दाखवावं, असं मनात आहे. दाखवलंच तर होकारापर्यंत वाचेन. पुढचा कागद फाटलाय म्हणेन.