माझ्या दोन मॅडम

२० सप्टेंबर
दोघी हसत होत्या! इंदूरच्या क्लिनिकच्या दारात, एकच चहा अर्धा-अर्धा करून. मेधा मॅडम माझ्या जेवणाच्या – काय खाल्लं, काय ओकलं, सगळं त्यांना. अपेक्षा मॅडम माझ्या मनाच्या – राग, रडणं, कोणी सोडून जाईल ही धास्ती. दोघी माझ्या. एकमेकींच्या कधीपासून झाल्या?

मेधा मॅडम म्हणाल्या, "देवश्री, तुझी दोन्ही दुखणी एकमेकांना धरून आहेत. आता आम्ही मिळून उपचार करू." मिळून! अंगाची आग आग झाली. देवासपर्यंत बसमध्ये रडले. कंडक्टर म्हणे, "क्या हुआ दीदी, तबियत खराब?"

२२ सप्टेंबर
घरी घट बसले. मेधा मॅडमना फोनवर सांगितलं – आमच्यात नऊ दिवस कडक उपवास, कुळाचारच आहे. त्या म्हणाल्या, "देवीचं आहे म्हणजे… बरं, फराळ तरी वेळेवर कर." अपेक्षा मॅडमना सांगितलं – आई जबरदस्ती करते. किती कळवळल्या! फक्त माझ्यासाठी. मस्त वाटलं.

खरं तर आमच्याकडे उठता-बसता उपवास. पहिला दिवस आणि अष्टमी, बस. आई रोज ताट वाढते. मी म्हणते, मॅडमनी नको सांगितलंय.

२५ सप्टेंबर
पकडली गेले. अपेक्षा मॅडमनी मेधा मॅडमना विचारलं, त्यांनी थेट आईला. एकमेकींना सगळं सांगतात मेल्या! आता दोघी मला सोडणार. त्याआधी मीच सोडते. मेसेज केला – येणार नाही. कधीच.

टेकडीवर देवीच्या दर्शनाला ही गर्दी, आणि मी बाथरूममध्ये ओकतेय.

२६ सप्टेंबर
कुणाचाच फोन नाही. चहा पीत असतील.

२७ सप्टेंबर
आईनं ओढतच नेलं. समोर दोघी, तोंडं उतरलेली. अपेक्षा मॅडम म्हणाल्या, "तुझ्यावरून आम्ही चांगल्याच भांडलो. मी म्हणत होते, आधी तुझी धास्ती कमी करू. ह्या म्हणत होत्या, आधी वेळेवर जेवण."

मनात गुदगुल्या! तुटली जोडी!

तेवढ्यात मेधा मॅडमनी आपली पाण्याची बाटली अपेक्षा मॅडमपुढे केली. त्या प्यायल्या. "मला अजून पटलेलं नाही हं," म्हणाल्या, आणि खुर्ची जवळ ओढून बसल्या.

"भांडलात ना? मग आता?" मी विचारलं.

"मग काय?" मेधा मॅडम म्हणाल्या, "दोन्ही एकत्रच करायचं. आणि यापुढे तुझ्याबद्दल बोलणं तुला समोर बसवूनच."

मला कळेचना. भांडण झालं की माणूस गेलं, एवढंच मला माहीत. जळले मी, खूप जळले. असं भांडता येतं यांना!

२९ सप्टेंबर
आईशी कडाकडा भांडले. ती तणतणत आत गेली. वाटलं, झालं, गेली. मग आली – धुसफुसतच, वरण-भाताचं ताट घेऊन. जेवले. अजून पोटात आहे.