बाळाच्या वतीने

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची! दोन वर्षांनी भेटतोय आम्ही, आणि ताईने दार उघडून काय म्हणावं? "आली का भिंगरी! पाय पूस आधी." कडेवर बाळ. मिठी नंतर, पायपुसणं आधी.

पुढे दाजींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, मागे दोन खोल्या. भिंतीवर एकवीस घड्याळं, एकवीस वेळा. मी विचारलं, खरी कुठली? दाजी म्हणाले, "खरी वेळ पाहिजे तर फोन बघा, मेव्हणीबाई. इथे सगळे पेशंट आहेत."

बाळ तीन महिन्यांचं. माझं बोट धरलं ते सोडेचना. एवढी पकड तर मला बोटीवरच्या भटारखान्यात कढई धरायलाही जमली नव्हती. (त्या बोटीबद्दल लिहायचंच राहिलंय. असो.)

संध्याकाळी समोरच्या लाँड्रीवाल्या बाई चादरी द्यायला आल्या. "अगं, अजून सांगितलं नाहीस — मुलगा की मुलगी?"

ताई म्हणाली, "पाच किलो दोनशे."

बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. मीही.

४ नोव्हेंबर

ताईने सांगितलं. लंगोट बदलता बदलता, माझ्याकडे न बघता. बाळाचं शरीर मुलासारखंही नाही, मुलीसारखंही नाही — मधलं. जन्मापासून. रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली. तब्येत ठणठणीत. मोठे डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करून मुलीसारखं करून टाकू. आत्ताच केलं तर बाळाला आठवणारही नाही. अठ्ठावीस तारीख राखून ठेवलीय. आईबापांनी चौदा तारखेला दुपारी बाराच्या आत लेखी उत्तर द्यायचं.

"नाही केलं तर काही होईल?"

"नाही."

"आजारी पडेल? लघवीचा त्रास?"

"नाही गं. वेगळं दिसेल, एवढंच."

मग कशाला?! — हे मोठ्याने बोलले. बाळ दचकलं.

६ नोव्हेंबर

तपासणीला मीही गेले. खोलीत डॉक्टर, आणि त्यांच्यामागे सहा विद्यार्थी, वह्या घेऊन. "पुढे या, असं रोज बघायला मिळत नाही." बाळाला टेबलावर उघडं केलं. एक जण टाचा उंचावून बघत होता. ताई बाळाचे मोजे हातात घेऊन उभी होती, एकात एक घालत, काढत.

डॉक्टर वाईट नाहीत. दाजींनी विचारलं ते सगळं नीट सांगितलं. हो, पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. हो, तिथली संवेदना कमी होऊ शकते. नाही, मोठेपणी बाळाला स्वतःला काय वाटेल हे आज कोणी सांगू शकत नाही. "पण शाळेत चिडवलं जाईल, त्याचा विचार करा."

बाहेर एक म्हातारा व्हीलचेअरवर बसून चाक दुरुस्त करत होता, बसल्या बसल्या! बघत राहिले. ताई-दाजी पुढे निघून गेले.

९ नोव्हेंबर, रविवार

दाजींशी वाजलं. चूक माझीच, तोंड सुटलं.

दाजींचा नियम आहे — चालतं घड्याळ उघडायचं नाही. आज एक गिऱ्हाईक आलं, "जरा साफ करून द्या." दाजींनी कानाला लावलं, परत दिलं. "चालतंय ना? मग घेऊन जा. उघडलं की काहीतरी हलतंच." गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हटलं, "आणि बाळ? तेही चालतंच आहे की!"

दाजींनी डोळ्याचं भिंग काढून ठेवलं. म्हणाले, "घड्याळाला शाळेत जायचं नसतं. पोरांसमोर कपडे बदलायचे नसतात. तुम्ही आठ दिवसांच्या पाहुण्या. तुम्ही जाल. शाळेच्या दारात मी उभा असेन."

 

१० नोव्हेंबर

दाजी माझ्याशी बोलत नाहीत. मीठ हवं असलं तरी ताईला सांगतात, "तिला सांग, मीठ दे."

१२ नोव्हेंबर

ताई भांडी विसळता विसळता म्हणाली, "केलं तर मोठं झाल्यावर विचारेल, का केलंत? नाही केलं तरी विचारेल, का नाही केलंत? कुठल्या प्रश्नासमोर मान वर करून बसता येईल, तेवढंच बघायचंय."

मी लगेच सुरू झाले — शरीर त्याचं, निर्णय त्याचा, तुम्ही कोण ठरवणारे! ताईने नळ मोठा सोडला. भिंगरीचं भाषण पाण्यात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी ताईने पाकीट हातात दिलं. चिकटवलेलं. "ठरलं आमचं. हॉस्पिटलच्या खिडकीवर नेऊन दे, बाराच्या आत. काय ठरलं विचारू नकोस, परत भाषण देशील."

दाजी काउंटरवर मान खाली घालून. म्हणजे काय ठरलं ते दिसलंच.

निघाले वेळेवर, शपथ! पुलाजवळ तिसऱ्या मजल्यावर कपाट चढवत होते, दोर लावून, खिडकीतून. निम्म्यावर अडकलं. सगळे ओरडत होते, मीही ओरडले — डावीकडे! डावीकडे! चढलं तेव्हा अकरा पन्नास.

हॉस्पिटल समोर दिसत होतं. धावले असते तर पोचले असते.

रस्त्याच्या अलीकडे एका पायरीवर बसले. पाकीट मांडीवर. उत्तर पोचलं नाही, तर ऑपरेशनची तारीख जाणार. बारा वाजले, खिडकीची जाळी खाली आली, ते बघितलं. मग उठले.

"दिलंस?"

"दिलं."

बाळाच्या वतीने कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं. मी केलं.

१७ नोव्हेंबर

घर कसं हलकं झालंय. ताई गुणगुणते. दाजी आज थेट म्हणाले, "मेव्हणीबाई, मीठ." ठरवून टाकलं की माणसं अशी सुटतात का? मला राग यायला हवा. येत नाही. पाकीट बॅगेच्या तळाशी, स्वेटरखाली.

अठ्ठावीसला जातील तेव्हा कळेल त्यांना. तोवर मी निघालेली असेन. दक्षिणेकडे एका फळबागेत काम आहे म्हणतात.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नेहमीच्या तपासणीहून आले. ताई बाळाला घेऊन सरळ आतल्या खोलीत. दाजींनी दुकान उघडलंच नाही.

"आज आठ विद्यार्थी होते," दाजी म्हणाले. "एकाने मोबाईल काढला. मी म्हटलं, आम्ही लिहून दिलंय! तर खिडकीवरची बाई म्हणते, तुमच्याकडून काहीच आलेलं नाही, ऑपरेशनची तारीख अजून तशीच आहे."

मी विचारलं, "काय लिहून दिलंय?"

त्यांना ऐकूच गेलं नाही. "तुम्ही कोणाच्या हातात दिलंत?"

"खिडकीवर."

"बाईच्या?"

"...हो."

"मग तिनेच हरवलं. सोमवारी तक्रार करतो तिची."

२२ नोव्हेंबर

पाकीट फोडलं. ताईचं अक्षर.

"आम्ही दोघांनी ठरवलं आहे की ऑपरेशन करायचं नाही. जिवासाठी गरज पडली तर वेगळी गोष्ट. बाळ मोठं झालं की त्याला सगळं सांगू आणि त्यालाच विचारू. आणि कृपा करून यापुढे बाळाला विद्यार्थ्यांसमोर उघडं करू नये. फोटो काढू नये."

खाली दोन सह्या. दाजींची आधी.

ताई हाक मारतेय. पाकीट घेऊन जाते.