यानने आयुष्य कुणाला वाहिलं

हॅमिल्टन, १४ जानेवारी २०२४

ती. दादास शि. सा. न.

यानचं इंग्रजी पार गेलं. या विस्मरणाच्या आजारात शेवटी शिकलेली भाषा आधी जाते म्हणे. उरलं ते लहानपणचं डच, आणि त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. इतक्या वर्षांचा संसार, आणि नवऱ्याला पाणी हवंय की वॉशरूमला जायचंय हे खुणेनं विचारते. दिवसभर एक शब्द मात्र पुन्हापुन्हा येतो, वेइदन. डच चर्चमधल्या ग्रेटाबाईंना फोनवर विचारलं. नवी घंटा किंवा नवा पाद्री देवाच्या नावे करतात, तेव्हाचं हे क्रियापद. माणूसही आपलं आयुष्य असं एखाद्या कामाला किंवा माणसाला देतो. तू मराठीचा मास्तर, याला आपल्याकडे काय म्हणशील? आईची तब्येत कळव.

तुझ्या मायेची धनीण,
आनंदी

वाई, २ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. आनंदीस अ. उ. आ.

अगं, सोपं आहे, वाहणे. देवाला फूल वाहतो, कार्याला स्वतःला वाहून घेतो. यानराव आजारातही तुलाच आळवतायत की. मला राहवलं नाही, आईला पत्र वाचून दाखवलं. जावयाने आयुष्य तुला वाहिलंय, असं सांगितलं. लग्नापासून त्यांचं नाव न घेणारी आई उठली. मग देवापाशी त्यांच्या नावानं निरांजन लावलं आणि तुम्हा दोघांचा फोटो भिंतीवर लावून घेतला. त्यांना एखाद्या वृद्धाश्रमात ठेवून तू माहेरी ये, हा धोशा तिनं आता सोडलाय.

आमचा जीव तुमच्याकडेच लागलेला,
जनार्दन

हॅमिल्टन, २५ फेब्रुवारी २०२४

ती. दादास शि. सा. न.

अर्थ तू बरोबर सांगितलास, घाई मात्र आपण दोघांनी केली. रविवारी ग्रेटाबाई घरी आल्या. यानशेजारी बसून त्यांनी सगळं बोलणं ऐकलं. आयुष्य मार्यकेला वाहिलं, असं तो म्हणतो. मार्यके म्हणजे त्याची पहिली बायको, आमच्या लग्नाआधीच वारलेली. मी कोण, असं बाईंनी त्याला विचारलं. कामाला येते ती बाई, हात हलका आहे तिचा, असं म्हणाला.

मला राग आला, दादा. त्याचं ताट तसंच टाकून बेसमेंटमध्ये जाऊन रडले. इतकी वर्षं मी कुणाच्या घरात राहिले, असं वाटलं.

आईला यातलं काही सांगू नकोस. फोटो भिंतीवर राहू दे. आणि घरी ये म्हणून आता तूही लिहू नकोस. काल त्यानं मार्यके म्हणून हाक मारली, आणि मी ओ दिली.

तुझ्या लोभावर विसंबलेली,
आनंदी