खोकला खरा होता

प्रिय ताई,

फोन सोडून पत्र कसलं लिहीत बसलीस, असं म्हणून तू कपाळाला आठ्या घालशील. पण फोनवर तू नुसता घसा खाकरलास तरी माझी बोलती बंद होते, आणि आज मला बंद व्हायचं नाहीये. तेव्हा खुर्ची ओढ, बस आणि शेवटपर्यंत वाच.

आधी तुझ्या लेकीची खुशाली. भिंगरी मजेत आहे. दोन्ही वेळ पोटभर जेवते, फक्त ताटातला एक पदार्थ दुसऱ्याला लागलेला चालत नाही, म्हणून मी तिला कप्प्यांचं ताट आणलं. मग स्वतःसाठीही एक आणलं. सुट्टीभर आम्ही दोघी लिफ्ट बघत हिंडलो. आमच्या इमारतीतली, दवाखान्यातली स्ट्रेचर मावणारी, दुकानांच्या इमारतीतली काचेची. कुठलं दार मिटण्याआधी अडखळतं ते ती डोळे मिटून, आवाजावरून सांगते. आनंद झाला की अजूनही जागच्या जागी गरागरा फिरते. ही सवय मोड, नऊ वर्षांची घोडी झाली, असं तू मला बजावलं होतंस. मी मोडली नाही. बाहेरच्या खोलीतलं टेबल भिंतीला सरकवून तिला जागा करून दिली.

माझं काय, तेच कवळ्यांचं काम. मेणात दात बसवायचे, रंग जुळवायचा, घासायचं. लॅबचे मालक म्हणतात, हिच्या हातचे दात खरे वाटतात. बोलायला कुणी नाही, कानाला यंत्रांची एकसारखी घरघर, समोर एकच काम. लोकांना कंटाळवाणं वाटतं, मला सुख वाटतं. तुला याची नेहमी लाज वाटली. बँकेत चिकटवलं होतंस मला, आठवतं? तिथल्या खिडकीत बसून दिवसभर लोकांशी हसता हसता मी घरी येऊन पलंगाखाली झोपायला लागले होते.

आता आपल्या खुणांबद्दल. कुणाकडे गेलो की तू माझ्या शेजारी न बसता नेमकी समोर बसायचीस. चष्मा वर सरकवलास की मी समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे बघायचं. पदराशी चाळा केलास की हसायचं. घसा खाकरलास की पुरे, आता गप्प. ताई, मला ही आपली दोघींची गुप्त भाषा वाटायची. वर्गातल्या मुलींना मैत्रिणी होत्या, मला तू होतीस. आई कौतुकानं म्हणायची, दोघींचं अगदी गूळपीठ आहे. आणि तू मला चिडवायचीस, गोगलगाय न् पोटात पाय. पाय कुणाच्या पोटात होते ते आता कळतंय.

पाहुणे गेले की मी पडदे ओढून, उशी कानांवर दाबून पडायची ती दुसऱ्या दिवशीच उठायची. आई म्हणायची, नखरे. तू म्हणायचीस, जाऊ दे गं आई, ती लवकर दमते. मला वाटायचं, किती समजून घेते माझी ताई! त्या एका वाक्यासाठी मी तुझ्यावर जीव ओवाळून टाकला असता. आणि तो नकाशे काढणारा, ज्याला तू उंट म्हणायचीस? आपल्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याच्याशी बोलता बोलता सारखी तुझ्याकडे बघत होते. जाताना जिन्यात त्यानं मला विचारलं, तू माझ्याशी बोलत होतीस की ताईशी? तो परत आला नाही. तू म्हणालीस, असे उंट पायलीला पन्नास मिळतील. एकही मिळाला नाही, हे तुला माहीतच आहे.

गेल्या आठवड्यात समोरच्या बाई कात्री परत करायला आल्या. पोस्टात आहेत, बोलक्या आहेत. भिंगरीनं त्यांना बसवून घेतलं आणि लिफ्टचं सुरू केलं. दोर कसा, दुसऱ्या टोकाला वजन का, वीज गेली तर काय. बाई मन लावून ऐकत होत्या; सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला लिफ्टपेक्षा जिव्हाळ्याचा विषय तो कुठला? तेवढ्यात मला खोकला आला. दिवसभर प्लास्टरची धूळ घशात जाते, त्याचा खोकला. खरा. आणि भिंगरी वाक्याच्या मध्यात थांबली. ओठ मिटले, दोन्ही हात मांड्यांखाली गेले, नजर बाईंच्या डोळ्यांवर खिळली आणि ती हसली. ते हसू मी ओळखलं. बसवलेले दात मला लांबूनही कळतात. बाई विचारत राहिल्या, अगं, पुढे सांग की, ते वजन असतं कुठे? पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती.

पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? मत्सर. आपली भाषा तू मला न विचारता दुसऱ्या कुणाला दिलीस, याचा. बाई गेल्यावर मी तिला विचारलं, खोकल्यावर थांबायचं कुणी सांगितलं? ती म्हणाली, आईनं, मला लोकांत वागता येत नाही ना, मावशीला पण येत नव्हतं, आईनंच शिकवलं. शाळेतली कविता म्हणून दाखवावी तसं तिनं हे म्हटलं. मला वाटलं, पोर काहीतरी उलटंसुलटं समजलीय.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तुझा फोन आला. मी मान वाकडी करून फोन खांद्याशी धरला होता, हातात वरच्या जबड्याचं मेण. तू म्हणालीस, शाळेनं सांगितलं म्हणून तिला डॉक्टरांकडे नेलं, ते ऑटिझम म्हणाले. तिला सांगायचं नाही, बाहेर तर मुळीच नाही. सुट्टीत तुझ्याकडे मुद्दामच पाठवलंय, तू कसं निभावलंस ते तिला शिकव. मी विचारलं, मी काय निभावलं? आणि शेंगा सोलता सोलता सांगावं तसं तू म्हणालीस, अगं, तुझंही तेच नाही का? तू पहिलीत होतीस तेव्हाच डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं. आम्ही कुठे कुणाला कळू दिलं? कळलं का आजवर कुणाला?

तुझ्या आवाजात अभिमान होता, ताई. मेहनत घेऊन पार पाडलेल्या कामाचा असतो तसा. आणि खरंच, कुणालाच कळलं नाही. मलाही नाही.

फोन ठेवायच्या आधी तू माझ्याकडून शब्द घेतलास, भिंगरीला यातलं काही सांगणार नाही म्हणून. मी जरा घुटमळले, तू घसा खाकरलास, मी शब्द दिला. त्या दिवशी मी डाव्या दाढा उजवीकडे बसवल्या. मालकांनी कवळी हातात घेतली, उलटीसुलटी फिरवली, म्हणाले, ही घालून माणूस बोलेल पण घास चावणार नाही, जा, घरी जाऊन झोप. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा घरी पाठवलं.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच ना? परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. आई गेली, तिच्याशी भांडता येत नाही. उरलीस तू. तू म्हणशील, तुझ्या भल्यासाठी केलं, लोकांनी नावं ठेवली असती. अगं, नावं मी स्वतःच ठेवत आले. नाटकी, माणूसघाणी, थंड रक्ताची, आईला त्रास देणारी. रोज एक नवं. डॉक्टरांचा एक शब्द त्यापेक्षा कितीतरी बरा होता, आणि तो माझा होता. तुम्ही दोघींनी तो माझ्यापासून लपवला आणि माझ्याच समोर बसून मला रोज सांगितलंत की जरा नीट वाग. त्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात, हे मी आता वाचलं. मला हसू आलं. मी स्वतःत मग्न होते कधी? माझं सगळं आयुष्य तुझ्या चेहऱ्याकडे बघण्यात गेलं.

तुझा माझ्यावर जीव होता, हे मी नाकारत नाही. तापात रात्रभर उशाशी तूच बसायचीस. म्हणून तर जास्त लागलंय. वाईट बहीण असतीस तर सोपं झालं असतं.

आता पत्राचं कारण. मी तुला दिलेला शब्द मोडला. काल भिंगरीनं मला विचारलं, मावशी, माझ्यात काय बिघडलंय? मी तिला म्हटलं, काही नाही, आणि मग सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते, त्याचा अर्थ काय ते, आणि माझंही तेच आहे, हेही. तिनं नीट ऐकून घेतलं. आपल्या दोघींचं सारखं आहे म्हणून खूश झाली, चार गिरक्या घेतल्या. मग थांबून म्हणाली, आईला माहीत होतं? मी हो म्हटलं. मग तिनं मला का नाही सांगितलं? मी म्हटलं, ते तिलाच विचार. तुझी बाजू सावरणारं एखादं वाक्य मला रचता आलं असतं, ते तू शिकवलंयस, पण मी रचलं नाही. उद्या भावजी तिला न्यायला येतील आणि हे पत्र ती स्वतः तुझ्या हातात देईल. तुला वाटेल, सख्ख्या बहिणीनं दगा दिला. वाटू दे. तू वाचत असशील तेव्हा पोरगी तुझ्यासमोर उभी असेल, उत्तराची वाट बघत. तिला जे सांगशील ते मलाही कळव. मीही त्याचीच वाट बघतेय.

अजूनही तुझीच,
धाकटी