माळ्यावरची साखर

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

जि. कोल्हापूर,
२ जून २००६

चि. प्रभुलिंग यास,

आईचा आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण माळ्याची शिडी चढण्याइतका अजून शाबूत आहे. सुष्मिताला आठवा महिना लागला, तिला जप. जड काही उचलू देऊ नकोस.

तू पाठवलेला टेम्पो काल आला होता. सोबत शेजारचे हंबीरराव, तुझा निरोप घेऊन. माळा रिकामा करायचा, डबे दुकानात देऊन टाकायचे आणि मला पावसाआधी पुण्याच्या गाडीत बसवायचं. मी खाटेवरून उठलेसुद्धा नाही. टेम्पोवाल्याला म्हटलं, "पावणं, चहा घ्या आन् मोकळी गाडी घेऊन जावा. हितलं काय बी हलणार न्हाय." हंबीररावांनी तुझं नाव पुढं केलं. त्यांना सांगितलं, घर माझ्या नावावर आहे. ते चहाही न घेता गेले. रागावले असतील, रागावू देत.

तू लिहितोस, आईला डॉक्टरांनी साखर बंद केली आणि ती माळा भरून साखर साठवते, लोक हसतात. मी कुठं खाते ती? दिवाळीला कारखान्याची सभासदाची साखर आली की घासून वाळवलेल्या पत्र्याच्या डब्यांत भरते. चार लवंगा टाकते, मुंगी फिरकत नाही. झाकणाच्या कडेनं मेणबत्तीचं मेण ओतते. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळते, तांदळात कडुलिंबाचा वाळका पाला घालते. जुना डबा आधी वापरते, नवा मागं लावते. कधीही उघडा, साखर खडखडीत. याला वेड म्हणायचं असेल तर खुशाल म्हण.

गेल्या वर्षीच्या पुराचं तुला फोनवर फारसं सांगितलं नव्हतं. पाणी मधल्या खोलीत शिरलं तेव्हा समोरची चिमणाबाई नातीला, मोनाला, घेऊन आपल्या माळ्यावर आली. माझ्या डब्यांना सगळ्यात जास्त हसायची ती हीच. पोरीला जुलाब लागले होते, डोळे खोल गेलेले. मी एक डबा फोडला, पावसाचं धरलेलं पाणी स्टोव्हवर उकळून गार केलं, त्यात मीठ-साखर घातली आणि चमच्याचमच्यानं पाजत बसले. चिमणाबाई रडत होती, तिला दटावलं. होडी येईपर्यंत पोर रडायला लागली होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. पाणी आलं म्हणजे पोर वाचलं, हे मला ठाऊक होतं.

कसं ठाऊक, ते आता लिहिते. तुझ्या वडिलांनी हा विषय घरात कधी काढू दिला नाही. ते गेले, आणि मीही गप्प बसून दमले.

एकोणनव्वदच्या पुरात तू शाळेसाठी हातकणंगल्याला मामाकडं होतास. तुझी बहीण निलव्वा तापानं गेली असं तुला सांगितलं. ताप नव्हता, प्रभू. तिलाही जुलाबच लागले होते. मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते नर्सबाईंनी आम्हाला शिकवलं होतं. पाणी होतं, मीठ फळीवर होतं. साखरेचं पोतं आणि गुळाची ढेप मात्र सगळ्यांच्या घरी असते तशी खाली कोपऱ्यात. नदी घरात आली आणि पोत्यात काही उरलं नाही. शेजारी मागितली, त्यांचीही तीच गत. ऊस पिकवणारं सगळं गाव, कारखान्याची चिमणी दारातून दिसते, आणि माझ्या पोरीला चमचाभर साखर मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी ती रडायचीही थांबली.

मला रडू येत नाही, राग येतो. त्या रागातच मी दरवर्षी डबे भरते.

तेव्हा माळा निघणार नाही आणि मी पुण्याला येणार नाही. पाणी चढलं की ज्याच्या घरात लेकरू असेल त्यानं सरळ माझ्याकडं यावं, असं मी गल्लीत सांगून ठेवलं आहे. तुला लाज वाटत असेल तर वाटू दे.

बाळाला घेऊन याल तेव्हा त्याला एक आत्या होती हे मी त्याला सांगणार आहे. तिचं नाव घेऊन सांगणार आहे. मला अडवू नकोस.

तुझी आणि निलव्वाची
आई,
मल्लव्वा