डावी सीट

सोमवार, १७ मार्च २०२५. हिंगोली

पोचलो एकदाचा. एसटीनं कमरेचा भुगा केला, पण स्टँडवर उतरलो आणि हळदीचा असा वास आला की शीण निम्मा उतरला. सगळ्या गावाचंच लग्न निघाल्यासारखं वाटलं. मोंढ्याच्या बाजाराकडे ट्रॅक्टरांची रांग, माणसांच्या कपाळापर्यंत पिवळी धूळ. लॉजची खोली बरी आहे आणि खाली चहाची टपरी आहे. माझ्या वयाला याहून जास्त काही लागत नाही.

काम असं. अपूर्व हा माझ्या गेलेल्या दोस्ताचा मुलगा, नांदेडला असतो. त्याच्या डोक्यात स्पोर्ट्स कार घ्यायचं खूळ शिरलंय. नवी झेपत नाही म्हणून वापरलेली शोधत होता, ती हिंगोलीत सापडली. तो म्हणाला, नरसिंगकाका, तुम्ही हो म्हणालात तरच घेतो. सगळं आयुष्य वर्कशॉपात गेलं, आता लोकांना गाड्या तपासून देतो. खरं सांगायचं तर विटलोय. माणसं गाडी विकताना जेवढं खोटं बोलतात तेवढं सोयरीक जुळवतानाही बोलत नाहीत. ही शेवटची गाडी, मग बास.

गाडीचे मालक दत्तोपंत, कोर्टातले निवृत्त कारकून. गाडी त्यांच्या मुलाची, शौनकची. तो पुण्यात नोकरीला होता, गेल्या वर्षी वारला. संध्याकाळी जाऊन नुसतं दर्शन घेतलं. पत्र्याची शेड आणि तिच्यात ही लालभडक, जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी. देखणी आहे, नाही म्हणवत नाही. दत्तोपंत शेडच्या दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. त्यांच्या बायकोनं, अनुसूयाबाईंनी, बाहेरच खुर्ची टाकून चहा दिला. साधी माणसं वाटली.

मंगळवार, १८ मार्च

सकाळी गेल्या गेल्या आधी बॉनेटवर हात ठेवायचा, हा माझा जुना नियम. इंजिन थंड असलं की खरं बोलतं. लबाड माणूस गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवतो, म्हणजे पहिल्या स्टार्टची खरखर झाकली जाते. हात ठेवला तर बॉनेट गरम. म्हटलं, पळसाला पानं तीनच, कोर्टातला कारकून झाला म्हणून काय! तसं बोलूनही दाखवलं. दत्तोपंतांचा चेहरा पडला. म्हणाले, साहेब, मी त्या गाडीला शिवतसुद्धा नाही, किल्ली देविदासकडे असते. देविदास म्हणजे शेजारचा गॅरेजवाला. त्यानंही शपथ घेतली.

बाकी गाडीत खोट काढायला जागा नाही. रंग सगळीकडे सारखा, म्हणजे ठोकून पुन्हा रंगवलेली नाही. तेल स्वच्छ, ब्रेकच्या चकत्या सपाट, स्कॅनरवर एक दोष नाही. खाली सरपटत जाऊन पाहिलं तर पोटाला ओरखडासुद्धा नाही. या भागातले गतिरोधक पाहता हे जरा जास्तच झालं.

मग फेरी. पहिली फेरी मी कधीच चालवत नाही. डावीकडे बसतो, टोपी डोळ्यांवर ओढतो आणि ऐकतो. स्टिअरिंग हातात आलं की माणूस गाडीच्या प्रेमात पडतो, डावीकडे बसलेला शुद्धीवर राहतो. देविदास म्हणाला, बसा तुमी, येतोच मी. बसलो. दार लागल्याचा आवाज आला आणि गाडी निघाली.

सेनगाव रोडला लागलो असणार. काय हात होता! गिअर कधी बदलला कळत नव्हतं. प्रत्येक गतिरोधकावर गाडी तिरकी घालून हळूच उतरवत होता, पोट टेकू दिलं नाही. मोकळा रस्ता लागला तशी ताणली, पण मला धक्का लागणार नाही अशी. कितीतरी वर्षांत मला कुणी इतकं जपून नेलं नव्हतं. डुलकीच लागली म्हणा ना. परत येऊन थांबलो तेव्हा टोपी तशीच ठेवून डॅशबोर्डवर थाप मारली आणि म्हणालो, शाब्बास बेटा, गाडी चांगली आहे, आणि चालवतोसही झकास.

टोपी काढली तोवर उजवीकडे कुणी नव्हतं. गॅरेजवर गिऱ्हाईक आलं असेल म्हटलं. तिथूनच अपूर्वला फोन केला की गाडी खणखणीत आहे, घेऊन टाक. पोरगं आनंदानं ओरडलं.

बुधवार, १९ मार्च

बॉनेट आजही गरम.

देविदासला शाबासकी द्यायला गेलो. तो म्हणाला, शाबासकी कशाची? काल तो किल्ली गाडीलाच ठेवून पेट्रोलचा कॅन आणायला गेला होता. म्हणाला, परत आलो तर गाडीबी न्हाई अन् तुमीबी न्हाई. त्याला वाटलं, साहेबाला घाई असंल, गेले एकलेच. मी हसलो. तो हसला नाही. त्यानं विचारलं, मंग उजवीकडं कोन बसलं व्हतं?

दुपारभर स्वतःला समजावतोय. वय झालं, मीच चालवली असेल, विसरलो असेन. पण पहिली फेरी मी चालवत नाही. कधीच नाही.

किल्ली मागून घेतली. बॅटरीची वायर सोडवून खिशात टाकली. आता होऊ दे गरम!

गुरुवार, २० मार्च

गरम. वायर माझ्या खिशात आहे, किल्लीही. डावं दार किलकिलं होतं आणि डाव्या सीटचा पट्टा कुणीतरी बसायच्या आधी ओढून धरावा तसा बाहेर आलेला.

अनुसूयाबाईंना सरळ विचारलं. पदराचं टोक पिळत त्यांनी सांगितलं. शौनकनं गेल्या वर्षी संक्रांतीला गाडी आणली. एकच हट्ट होता, बाबा, माझ्या बाजूला बसा, साखऱ्याच्या शेतापर्यंत जाऊन येऊ, आणि सांगा गाडी कशी आहे. दत्तोपंत म्हणाले, असल्या गाडीचा काय भरवसा, मी नाही बसणार. रोज विचारायचा आणि रोज हेच उत्तर. शेवटी एकटाच गेला. पुसेगावच्या पुढं रस्त्याकडेला थांबून उतरला होता, तिथं टँकरनं उडवलं. गाडीला काही झालं नाही. इंजिन चालू होतं आणि डावं दार उघडं होतं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मामानं शब्द दिला, मित्रांनी दिला, अनुसूयाबाईंनी स्वतः दिला. ऊन चढलं तरी कावळे झाडावरच. शेवटी दत्तोपंतांनी हात जोडले, बसेन रे तुझ्या बाजूला, साखऱ्यापर्यंत येईन. तोंडातून शब्द निघाला आणि कावळा झेपावला.

दत्तोपंत बसले नाहीत. वर्ष झालं. म्हणून गाडी विकायची.

आमच्या घरी पिंड-कावळ्याचं काही नाही. बुद्धवंदना होते, संपलं. माझा यावर विश्वास नाही. पण बॉनेटवरचा माझा हात भाजला त्याचं काय करू?

अपूर्वला फोन केला, घेऊ नकोस. त्यानं विचारलं, दोष काय? मी म्हटलं, नको म्हणतो ना. दोष नाहीच. हा एक प्रश्न मी आयुष्यभर लोकांना विचारत आलो आणि आज तो माझ्यावरच उलटला. म्हणाला, काका, तुम्ही दमलाय, परवा तर खणखणीत म्हणालात. उद्या स्वतः गाडी न्यायला येतोय. उजवीकडे बसणार आहे तो, आणि ती जागा रिकामी नाही. माझ्या शब्दावर येतोय. मला भीती वाटते, सरळच लिहितो.

शुक्रवार, २१ मार्च. सकाळ

दत्तोपंतांच्या पाया पडलो. म्हटलं, एकदा बसा, दिलेला शब्द तेवढा फेडा, दुसऱ्याचं पोरगं येतंय. आले. वर्षात पहिल्यांदा शेडमध्ये आले. दाराच्या मुठीवर हात ठेवला. आतून खट्‌ आवाज झाला, दार आपणहून उघडलं. ते खालीच बसले. रडत म्हणाले, माझ्याच्यानं होत नाही हो, मला माझ्या लेकराची भीती वाटते.

त्यांना घरात नेऊन निजवलं.

दुपार

अपूर्वचा फोन. औंढ्याला चहा प्यायला थांबलाय, मित्रानं सोडायला आणलंय. नाचतोय नुसता.

विनवलं, ओरडलो, शिव्या दिल्या. हसून फोन ठेवला.

किल्ली विहिरीत टाकली. शेडला बाहेरून कडी घातली. आतून गाडी चालू झाल्याचा आवाज आला. थंड इंजिन असं चालू होत नाही.

खूप दमलोय. काय करावं?

शौनकला बाप पाहिजे. बापाचा शब्द दुसऱ्यानं फेडला तर चालत असेल का — बेटा तर मीच म्हणालो होतो — त्याला ते आवडलं असणार —

शेडमध्ये

बसलो. डावीकडे. अपूर्व येईतो ही जागा भरलेली दिसली पाहिजे, एवढंच. साखऱ्यापर्यंत जाऊन येऊ, शब्द पुरा झाला की मोकळे होऊ, तोही, अपूर्वही. आणि मी.

पट्टा मी लावला नाही. लागला.

उजवी सीट दबली. कातडं करकरलं.

शेडचं दार —

वाटेत

टोपी ओढलेली नाही. उघड्या डोळ्यांनी बघतोय. उजवीकडे कुणी नाही, आणि गिअर बदलतोय.

गतिरोधक. तिरकी घातली. हळूच.

अक्षर हलत नाही बघा. इतक्या वेगात. गाडी खरंच —

अपूर्व दत्तोपंतांच्या घरी पोचला असेल. शेड रिकामी दिसली असेल. वाचला.

पुसेगाव गेलं. इथंच कुठंतरी — वेग कमी झाला — डावं दार थरथरलं — नाही, निघालो पुन्हा —

साखरा आलं. पाटी दिसली. झालं बेटा, आलो आपण, थांब आता —

थांबला नाही.

साखरा मागं पडलं. हा रस्ता मला माहीत नाही. पट्टा सुटत नाही —

विचारतोय. तोंडानं नव्हे, इंजिनातून, पण कळतंय. बाबा, सांगा ना, गाडी कशी आहे —

गाडीबद्दल खोटं मी कधी बोललो नाही. दोष एकही नाही बेटा, पण भरवसा —